पासवर्ड बरोबर, तरी दाराबाहेर: लिनक्सवर लॉगिनचा फेरा कसा सोडवायचा

पासवर्ड टाकला, एंटर दाबलं. स्क्रीन क्षणभर काळी झाली, आता डेस्कटॉप येणार असं वाटलं, आणि पुन्हा तीच लॉगिनची खिडकी. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. सांगलीहून मामांचा फोन आला तोवर त्यांनी हा खेळ तासभर करून बघितला होता. "अरे, पासवर्ड चुकला म्हणावं तर तसं सांगतही नाही. आत घेतो आणि लगेच बाहेर काढतो."

मामांनी नकळत अर्धं निदान केलं होतं. पासवर्ड खरोखर चुकला असता तर खिडकीने तसं म्हटलं असतं. इथे सिस्टिमने तुम्हाला ओळखलंय, तुमचं सेशन सुरूही केलंय, पण ते उभं राहता राहता कोसळलंय. म्हणून तुम्ही परत दारात. अशा वेळी पासवर्ड बदलून काही होत नाही. लिनक्स पुन्हा टाकणं म्हणजे किल्ली अडकली म्हणून घर पाडणं. बहुतेक वेळा दोष तुमच्याच होम फोल्डरमधल्या (तुमचं सगळं सामान असतं त्या फोल्डरमधल्या) एखाद्या लपलेल्या फायलीत असतो आणि तो अर्ध्या तासात निघतो.

मी हे मामांना फोनवर सांगितलं, तसंच इथे लिहितोय: कमांड ऐकू येतात तशा, देवनागरीत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. कॅपिटल कुठे ते सांगेन, एरवी सगळी लहान. टिंब, तिरकी रेघ, लाटेसारखी खूण (~) ही चिन्हं दिसतात तशीच. लाटेचा अर्थ "माझं होम फोल्डर". हे सगळं उबुंटू, झुबुंटू, लिनक्स मिंट आणि डेबियन या लिनक्सच्या अवतारांना लागू आहे.

आधी एक शंका फेडून घ्या. खिडकी स्पष्टपणे "पासवर्ड चुकीचा" म्हणत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नसेलही. मराठी टायपिंग करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र एक गंमत होते. लॉगिनच्या खिडकीतही कीबोर्डची भाषा निवडता येते आणि ती कधीकधी इनस्क्रिप्टवर राहून जाते. मग तुम्ही इंग्रजी समजून जे टाकता ते देवनागरीत उमटतं, आणि वर ठिपके असल्याने दिसत काहीच नाही. कोपऱ्यात "एमआर" किंवा "मरा" असं काही दिसलं तर ते इंग्रजीवर न्या आणि पुन्हा प्रयत्न करा.

मागच्या दाराने आत

लॉगिनच्या खिडकीवर असतानाच कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही लागतं. काळी स्क्रीन येईल, त्यावर फक्त अक्षरं. याला कन्सोल म्हणतात. चित्रांचा डेस्कटॉप पडला तरी हा सहसा उभा असतो. युजरनेम टाका, एंटर, मग पासवर्ड. पासवर्ड टाकताना इथे ठिपकेही उमटत नाहीत. मामा इथेच अडकले, "बटणंच चालत नाहीत" म्हणाले. चालतात, आंधळेपणाने टाका.

इथून लॉगिन झालं की पासवर्ड बरोबर असल्याची खात्री पटली. परत चित्रांच्या खिडकीकडे जायचं तर कंट्रोल-आल्ट-एफ१ किंवा एफ७.

तुमची सिस्टिम मराठीत असेल तर कन्सोलवर फोल्डरांची नावं चौकोन किंवा प्रश्नचिन्हं बनून दिसतील. घाबरू नका, या काळ्या स्क्रीनच्या फाँटमध्ये देवनागरीला जागाच नसते. "डाउनलोड्स" गायब झालेलं नाही, फक्त वाचता येत नाहीये. आपल्याला ज्या फायलींशी काम आहे त्यांची नावं इंग्रजीतच असतात.

सगळ्यात आधी जागा बघा

डीएफ -एच

तिरक्या रेघेच्या (/) ओळीत आणि असेल तर होमच्या ओळीत किती टक्के वापर दिसतो ते पाहा. शंभर टक्के असेल तर पुढच्या भागांकडे वळू नका, दोषाचं मूळ तेच आहे. डेस्कटॉप सुरू होताना बारीकसारीक फायली लिहिल्या जातात. जागाच नसेल तर त्या लिहिता येत नाहीत आणि सेशन मरतं. कन्सोल मात्र चालतो, कारण त्याला फारसं काही लिहायचं नसतं. जागा करायला ("सुडो" म्हणजे ही कमांड सिस्टिमच्या मुख्य मालकाच्या अधिकाराने चालवा):

सुडो एपीटी क्लीन

सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम

(शेवटचा एम कॅपिटल.) तरी भागलं नाही तर डाउनलोड्समधला एखादा जुना सिनेमा काढा. टक्का शंभर नसूनही "जागा नाही" असा संदेश येत असेल तर डीएफ -आय करून बघा. लाखो बारक्या फायली साठल्या तर डिस्कवर जागा उरते, पण नव्या फायलीची नोंद करायला रकाना उरत नाही.

सोबतच तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरची एक बारीक तपासणी:

एलएस -एलडी /टीएमपी

उत्तराची सुरुवात "डी आरडब्ल्यूएक्स आरडब्ल्यूएक्स आरडब्ल्यूटी" अशी हवी, शेवटचं अक्षर टी. तसं नसेल तर सुडो सीएचमॉड १७७७ /टीएमपी.

पाहुणा बोलवा

ही पायरी लोक गाळतात आणि मग दिवस घालवतात. एक नवा युजर तयार करा:

सुडो अ‍ॅडयूजर चाचणी

पासवर्ड विचारेल तो द्या, नाव-पत्ता विचारेल तिथे एंटर मारत जा. आता चित्रांच्या खिडकीवर जाऊन या पाहुण्याने लॉगिन करा.

पाहुणा सहज आत गेला तर ग्राफिक्स ड्रायव्हर, डेस्कटॉप, सिस्टिम सगळं ठणठणीत आहे आणि बिघाड तुमच्या होम फोल्डरमध्येच आहे. पाहुणाही बाहेर फेकला गेला तर तुमच्या फायली निर्दोष आहेत. मग संशय ड्रायव्हरवर, अर्धवट राहिलेल्या अपडेटवर किंवा काढून टाकलेल्या एखाद्या डेस्कटॉपवर घ्यायचा, आणि होममधल्या कशालाही हात लावायचा नाही. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) ताजं अपडेट ही जोडी असेल तर मी आधी तिकडेच बघतो.

पाहुण्याच्या निमित्ताने अजून एक बघा. खिडकीवर दातेरी चाकाची किंवा डेस्कटॉपची छोटी खूण असते. तिथे कोणतं सेशन निवडलंय? एकदा हौसेने टाकलेला आणि नंतर काढलेला डेस्कटॉप तुमच्या नावापुढे अजून निवडलेला असू शकतो. दुसरं सेशन निवडून पाहणं फुकट आहे.

टिंबामागे दडलेलं घर

पाहुणा आत गेला असं धरून पुढे जाऊ. होम फोल्डरमध्ये ज्या फायलींचं नाव टिंबाने सुरू होतं त्या एरवी दिसत नाहीत. ही सोय ठरवून केलेली नव्हती. युनिक्सच्या जुन्या जाणकारांपैकी रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये याचा किस्सा लिहिला होता. फोल्डरची यादी दाखवताना "." आणि ".." या दोन नोंदी वगळायच्या होत्या. लिहिणाऱ्याने आळसाने फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं, आणि टिंबाने सुरू होणारं सगळंच लपलं. तेव्हापासून प्रत्येक प्रोग्राम आपलं सामान टिंबामागे कोंबत आला आहे. मामांचा लॅपटॉप अडला तो या जुन्या आळसाच्या अडगळीत.

यादी बघायला:

एलएस -एलए ~

तिसऱ्या रकान्यात फायलीच्या मालकाचं नाव असतं. तिथे सगळीकडे तुमचंच नाव हवं. (".." ही ओळ सोडा, ती वरच्या फोल्डरची आहे, तिथे रूट, म्हणजे सिस्टिमचा मुख्य मालक, असणारच.) कुठे "रूट" दिसलं की थांबा. यादी लांबली तर थेट विचारा:

फाइंड ~ -यूजर रूट

आता एकच नियम पाळा: काहीही पुसायचं नाही, नाव बदलायचं. नाव बदललेली फाइल प्रोग्रामला सापडत नाही, तो नवी बनवतो. चूक झाली तर जुनं नाव परत देता येतं. आणि एका वेळी एकच बदल, मग लॉगिन करून बघायचं. पाच फायली एकदम हलवून लॉगिन झालंच तर कोणामुळे झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा शून्यावर.

पहिला संशयित

एलएस -एल ~/.एक्सऑथॉरिटी

यातला एक्स कॅपिटल, बाकी लहान. स्पेलिंग नीट आठवत नसेल तर टिंब आणि कॅपिटल एक्स टाकून टॅब दाबा, उरलेलं नाव कन्सोल स्वतः भरतो. फोनवरून समजावताना टॅबचं बटण म्हणजे वरदान आहे.

ही पन्नास-साठ बाइटची फाइल. तिच्यात एक गुप्त खूण असते. स्क्रीनवर खिडकी काढू पाहणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला ती दाखवावी लागते, पूर्वी दुकानात उधारीच्या मालासाठी चिठ्ठी दाखवावी लागे तशी. चिठ्ठी वाचता आली नाही किंवा नवी लिहिता आली नाही की डेस्कटॉपला स्क्रीनच मिळत नाही, आणि सेशन संपतं. फाइल रूटच्या मालकीची झाली, किंवा डिस्क भरल्यामुळे शून्य बाइटची उरली, की लॉगिनचा फेरा सुरू.

ती रूटची होते कशी? खिडकीवाला प्रोग्राम सुडो लावून चालवल्याने, किंवा कोणीतरी सुडो लावून एक्स (स्क्रीनवर खिडक्या काढू देणारा प्रोग्राम) सुरू केल्याने. उबुंटूच्या १९.१० च्या आधीच्या आवृत्त्यांत सुडो तुमचंच होम फोल्डर धरून चालायचा, त्यामुळे हा अपघात फार व्हायचा. मामांच्या जुन्या झुबुंटूवर आदल्या रविवारी एक फाइल उघडत नव्हती. "सुडो लावा आणि एडिटर उघडा, मामा," असं फोनवर सांगणारा मीच होतो. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

उपाय एका ओळीचा:

एमव्ही ~/.एक्सऑथॉरिटी ~/.एक्सऑथॉरिटी.जुनी

फाइल रूटची असली तरी इथे सुडो लागत नाही. नाव बदलण्याचा हक्क फाइलच्या मालकाकडे नसतो, ज्या फोल्डरात ती आहे त्याच्या मालकाकडे असतो, आणि होम तुमचं आहे. ही कमांड नाकारली गेली तर होम फोल्डरच तुमच्या नावावर उरलेलं नाही असं समजा आणि पुढच्या भागाकडे जा.

सोबत नावाच्या शेवटी "-सी" किंवा "-एल" असलेल्या भावंड फायली दिसल्या तर त्याही बाजूला करा. ती कुलपं असतात, सेशन मध्येच मेलं की लावलेली राहतात. .आयसीईऑथॉरिटी नावाची (आय, सी, ई कॅपिटल) आणखी एक चिठ्ठी असते. "ती अपडेट करता आली नाही" असा संदेश आला असेल तर तिचंही असंच नाव बदला.

लॉगिनची खिडकी दाखवणाऱ्या प्रोग्रामला आपण दार म्हणू. हा उपाय प्रामुख्याने लाइटडीएम हे दार असलेल्या सिस्टिमवर चालतो, म्हणजे मिंट आणि झुबुंटू. मूळ उबुंटूतलं जीडीएम हे दार आपली चिठ्ठी होममध्ये ठेवतच नाही, दर वेळी /रन या तात्पुरत्या फोल्डरात नवी बनवतं. तिथे ही फाइल सापडली नाही तर हवालदिल होऊ नका, दुसरीकडे शोधा.

मालकी परत घ्या

फाइंडच्या यादीत बऱ्याच फायली रूटच्या निघाल्या तर एकेक नाव बदलत बसू नका:

सुडो सीएचओन -आर नाव:नाव /होम/नाव

सी-एच-ओ-डब्ल्यू-एन. "आर" कॅपिटल, "नाव" च्या जागी तुमचं युजरनेम. डॉकर वगैरे वापरत असाल आणि त्याचा डेटा होममध्येच असेल तर तेवढा भाग वगळा. इंटरनेटवर काही ठिकाणी शेवटी टिंब आणि तारा (.*) लावलेली कमांड दिसते. ती वापरू नका. काही शेलमध्ये (शेल म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) ".*" मध्ये ".." ही येतं, म्हणजे वरचं फोल्डर, म्हणजे घरातल्या इतर सगळ्यांच्या फायली तुमच्या नावावर.

मीच लिहिलेली ओळ

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शिकणाऱ्यांचे लॉगिन सगळ्यात जास्त इथे अडतात. .प्रोफाइल नावाची फाइल लॉगिनच्या वेळी वाचली जाते. एखादं ट्युटोरियल सांगतं की "ही ओळ शेवटी चिकटवा", आपण चिकटवतो, आणि दुसऱ्या दिवशी आत जाता येत नाही.

तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, "एक्झिट" किंवा "एक्झेक" ने सुरू होणारी ओळ. आवडता शेल सुरू करायला कोणी "एक्झेक फिश" लिहितो. कन्सोलवर ते चालतं, पण डेस्कटॉप सुरू करणारी स्क्रिप्ट तिथेच गिळली जाते. दुसरी, बॅश या नेहमीच्या शेलची खास शैली. ही फाइल डेस्कटॉप सुरू होताना उबुंटूत साध्या डॅश शेलने वाचली जाऊ शकते, आणि त्याला बॅशचे लाड कळत नाहीत. तिसरी चूक पाथची. पाथ म्हणजे कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी. नवं फोल्डर जोडताना जुनी यादी शेवटी लिहायची राहिली की जुनी सगळी फोल्डरं उडतात.

पाथ उडाल्याची खूण सोपी आहे: कन्सोलवर एलएससुद्धा "सापडत नाही" म्हणतं. लोक इथे हाय खातात. कमांड जागेवरच असते, तिचा पत्ता हरवलेला असतो. तात्पुरता पत्ता द्या:

एक्सपोर्ट पाथ=/यूएसआर/बिन:/बिन

(पाथ कॅपिटलमध्ये.) मग फाइल बाजूला करा आणि मूळ प्रत आणा:

एमव्ही ~/.प्रोफाइल ~/.प्रोफाइल.जुनी

सीपी /ईटीसी/स्केल/.प्रोफाइल ~/

स्केल (एस-के-ई-एल) म्हणजे सांगाडा. नव्या युजरला ज्या कोऱ्या फायली मिळतात त्या इथे असतात. .बॅशआरसीचीही मूळ प्रत तिथेच आहे. होममध्ये .एक्सप्रोफाइल, .एक्ससेशनआरसी, .बॅश_प्रोफाइल दिसल्या तर त्या कोणीतरी नंतर टाकलेल्या आहेत, त्यांचंही एकेक करून नाव बदलून बघा.

डेस्कटॉपच्या सेटिंग्ज

अजून फेरा चालूच असेल, किंवा लॉगिन होऊन नुसती काळी स्क्रीन किंवा फक्त वॉलपेपर दिसत असेल, तर दोष डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये. त्याआधी तक्रारवही वाचा. लाइटडीएमवर:

टेल -५० ~/.एक्ससेशन-एरर्स

आणि इतरत्र जर्नलसीटीएल -बी -पी ३. सगळ्या ओळी कळायची गरज नाही. शेवटच्या काही ओळींत एखाद्या फायलीचं नाव आणि "परवानगी नाही" किंवा "वाचता आलं नाही" या अर्थाचं काही आहे का, तेवढं बघायचं.

सेटिंग्ज बाजूला करायला एक अट आहे: त्या युजरचं सेशन बंद असताना कन्सोलवरून हे करा. चालू डेस्कटॉप सेटिंग्ज मेमरीत धरून असतो आणि जाता जाता त्या परत लिहून ठेवतो. झुबुंटूचा डेस्कटॉप एक्सएफसीई यात विशेष पटाईत. तुम्ही फोल्डर हलवता, तो ते पुन्हा उभं करतो, आणि तुम्हाला वाटतं उपाय चालला नाही.

मूळ उबुंटूच्या गनोम डेस्कटॉपमध्ये मी आधी एक्स्टेन्शन्सवर (वरून जोडलेल्या छोट्या सोयींवर) संशय घेतो. "काहीतरी बिघडलंय" असं सांगणारी पांढरी स्क्रीन आली तर जवळजवळ डोळे मिटून:

एमव्ही ~/.लोकल/शेअर/गनोम-शेल/एक्स्टेन्शन्स ~/एक्स्टेन्शन्स-जुनी

प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर लावून काढल्यावर बिघडलं असेल तर ~/.कॉन्फिग/मॉनिटर्स.एक्सएमएल ही फाइल. त्यानंतर ~/.कॉन्फिग/डीकॉन्फ हे फोल्डर. गनोम, सिनॅमन आणि माटे या डेस्कटॉपांच्या सेटिंग्ज यात एकाच फायलीत असतात, म्हणून ती बिघडली की सगळंच बिघडतं. ते बाजूला केलंत की वॉलपेपर, पॅनल, शॉर्टकट आणि तुमचा मराठी कीबोर्डही जाईल. इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक, सेटिंग्जमध्ये जाऊन पुन्हा जोडावा लागेल.

एक्सएफसीईमध्ये ~/.कॉन्फिग/एक्सएफसीई४ आणि ~/.कॅश/सेशन्स (कॅश म्हणजे सी-ए-सी-एच-ई). दुसऱ्यात मागच्या वेळी उघड्या राहिलेल्या खिडक्यांची आठवण असते, आणि ती सडली की डेस्कटॉप प्रत्येक वेळी त्याच खड्ड्यात पडतो. केडीई डेस्कटॉपमध्ये प्लाझ्मा आणि केविन (के-डब्ल्यू-आय-एन) या शब्दांनी सुरू होणाऱ्या .कॉन्फिगमधल्या फायली.

काहीच सापडलं नाही तर अख्खं .कॉन्फिग बाजूला करता येतं. लॉगिन झालं की जुन्यातली फोल्डरं चार-चार करून परत आणा. ज्या चौकडीनंतर पुन्हा अडलं तिच्यातच चोर. क्रोमचे बुकमार्क आणि लिबरऑफिसच्या सेटिंग्जही .कॉन्फिगमध्येच असतात, त्यामुळे सुरुवातीला सगळं कोरं दिसलं तर रडू नका, फोल्डर परत ठेवलं की परत येतात.

काही फोल्डरांना मात्र "बघू तरी" म्हणूनही हात लावू नका: .थंडरबर्ड (तुमचे ईमेल), .मोझिला, .एसएसएच, .जीएनयूपीजी आणि .लोकल/शेअर/कीरिंग्ज. यांच्यामुळे लॉगिनचा फेरा सहसा होत नाही, आणि यातलं काही गेलं तर कोणतंही फोरम ते परत आणून देणार नाही.

कन्सोलच उघडत नसेल तर

मशिन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, प्रगत पर्यायांतून रिकव्हरी मोड घ्या, रूट शेल निवडा. डिस्क बहुधा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असेल, ती लिहिण्याजोगी करायला:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

इथे तुम्ही रूट आहात, म्हणून ~ म्हणजे रूटचं होम. तुमच्या फायलींसाठी पूर्ण पत्ता /होम/नाव असा द्या. तिथे जी नवी फाइल बनवाल ती रूटची होईल, म्हणजे निघालेला काटा पुन्हा रुतेल. शेवटी वरची सीएचओनची कमांड चालवल्याशिवाय बाहेर पडू नका.

आवराआवर

लॉगिन झालं की पाहुण्याला निरोप द्या:

सुडो डेलयूजर --रिमूव्ह-होम चाचणी

नाव दोनदा वाचा, मग एंटर. ही कमांड पाहुण्याचं होम पुसते, आणि घाईत स्वतःचं नाव टाकलेला माणूस मी पाहिला आहे. सेटिंग्ज पुन्हा लावून झाल्या की गनोम, सिनॅमनवाल्यांनी एक प्रत काढून ठेवावी:

डीकॉन्फ डंप / > ~/सेटिंग्ज.टीएक्सटी

परत आणताना "डंप" च्या जागी "लोड" आणि बाणाचं तोंड उलटं.

.जुनी नावाच्या फायली महिनाभर राहू द्या आणि काही हरवल्यासारखं वाटलं नाही तर मग काढा. मामांच्या लॅपटॉपवर ती .एक्सऑथॉरिटी.जुनी अजून पडून आहे. परवा त्यांनी विचारलं, हिचं काय करू? मालक रूट आहे का ते बघा म्हटलं. "आहे की. हा रूट कोण आणि तो माझ्या लॅपटॉपवर कधी बसला होता?"